हप्त्याचं नंतर बघू

मी एक जुना सोफा आहे आणि मित्रांनो, मी वैतागलेला सोफा आहे. तुम्ही म्हणाल, सोफ्याला कसला आलाय वैताग? लोक येतात, बसतात, उठून जातात. खरं आहे. पण मी कुणाच्या घरातला सोफा नव्हतो. माझी उमेदीची वर्षं गेली एका बिल्डरच्या विक्री कार्यालयात, म्हणजे जिथे अजून न बांधलेली घरं विकतात तिथे. माझ्यावर बसून शहाण्यासुरत्या माणसांनी जे जे केलं, ते पाहून दगडालाही घाम फुटला असता.

माझा जन्म एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात झाला. सोफे बनवणारे काका तोंडात चार खिळे धरून काम करायचे आणि तरीही बोलायचे. माझी लाकडी चौकट त्यांनी दोनदा खोलून पुन्हा जोडली, कारण एक पाय केसभर आखूड वाटला त्यांना. अशा माणसाच्या हातून मी घडलो, याचा मला आजही अभिमान आहे.

एक दिवस बिल्डरसाहेब स्वतः मला बघायला आले. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत.

"असा करा," ते म्हणाले, "की माणूस बसला की त्याला उठावंसं वाटू नये."

"म्हणजे खोल करू?" काकांनी खिळे बाजूला घेऊन विचारलं.

"खोल आणि मऊ. उठताना जरा जोर लावावा लागला पाहिजे."

काकांनी डोकं खाजवलं. "आजारी माणसांसाठी आहे का?"

"नाही हो! गिऱ्हाइकांसाठी."

काकांनी खिळे परत तोंडात धरले. पण मला टेम्पोत चढवताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, तसं ते एरवी कुणाला थोपटत नसत.

कार्यालय झकास होतं. मधोमध काचेच्या पेटीत दहा मजली इमारतीची छोटी प्रतिकृती होती. बोटाएवढी झाडं, नखाएवढ्या गाड्या, आणि बटण दाबलं की प्रत्येक खिडकीत दिवा लागायचा. खरी इमारत म्हणजे मागच्या अंगणातला एक मोठा खड्डा होता, पण खड्ड्याकडची खिडकी पडद्याने झाकलेली असायची. बाजूला नमुन्याचा फ्लॅट होता. त्यातला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला होता, म्हणजे खोली मोठी दिसावी. एकदा एक उंच गृहस्थ गमतीने त्यावर आडवे झाले, तर त्यांचे पाय गुडघ्यापासून बाहेर! ते खो खो हसले आणि त्याच दिवशी पैसे भरून गेले. आता काय म्हणावं? पाय बाहेर लोंबकळत असतानाही माणसाला कळू नये, म्हणजे कमाल झाली.

गिऱ्हाइकांशी बोलायला एक तरुण होता. कार्यालयातले बाकीचे त्याला पाठीमागे साखऱ्या म्हणत, इतका तो गोड बोलायचा. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, कुणाच्या म्हाताऱ्या आईला पाणी आणून देणार, कुणाच्या रडक्या बाळाला किल्ल्यांचा जुडगा खेळायला देणार. मित्रांनो, विक्रीसाठीची एखादी थाप वगळता तो लबाड नव्हता. त्यामुळेच तर लोक फसत. कंपनीबद्दल तो जे बोलायचा त्यावर आधी त्याचा स्वतःचा विश्वास बसलेला असायचा.

आणि त्याचं आवडतं वाक्य होतं, "हप्त्याचं नंतर बघू!"

त्या दिवसांत माझं कौतुक कोण करत नव्हतं? "काय मऊ आहे हो!" असं प्रत्येक जण म्हणायचा. मीही फुशारून जायचो. मग एक दिवस ती तिघं आली.

पुढे होते मास्तर. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, शिकवायच्या दोन गाड्या होत्या. त्यांच्या बरोबर त्यांची बायको, जी एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करायची. आणि मागून, खोलीत येताच पडदा बाजूला सारून खड्ड्यात डोकावणारी, मास्तरांची थोरली बहीण. तिला घरात आणि बाहेर सगळे ताई म्हणत. ताई टेलिफोन खात्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. लग्न तिने केलं नव्हतं. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, आणि आता ती त्याच्याच बिऱ्हाडात राहत होती. घरासाठी सुरुवातीला भरायचे पैसे तिच्या निवृत्तीचे होते. म्हणजे तिच्या सगळ्या नोकरीची कमाई.

"बसा ना, बसा," साखऱ्या म्हणाला. मास्तर आणि त्यांची बायको माझ्यात रुतले. ताई मात्र अगदी कडेला, पाठ न टेकता बसली.

"सर, आत्ता फक्त सुरुवातीचे पैसे. बाकीचं कर्ज," साखऱ्याने सांगायला सुरुवात केली. "आणि गंमत म्हणजे घराचा ताबा मिळेपर्यंत कर्जाचं व्याज आमची कंपनी भरणार. तुमच्या खिशाला तोशीस नाही. हप्त्याचं नंतर बघू!"

"कर्ज कुणाच्या नावावर?" ताईने विचारलं.

"तुमच्याच, मॅडम. घर तुमचं म्हटल्यावर कर्जही तुमचंच ना."

"मग कंपनीने व्याज भरलं नाही, तर बँक कुणाच्या दारात येणार?"

साखऱ्या हसला. "मॅडम, एवढी मोठी कंपनी. पळून थोडीच जाणार आहे?"

"पळण्याचं नाही विचारलं मी. भरलं नाही तर, असं विचारलं."

"ताई!" मास्तर कळवळले. "झालं का तुझं सुरू? भाजी घेताना ठीक आहे. इथे चार लोकांत तरी..."

"चार लोकांतच विचारते आहे. घरी विचारून काय उपयोग? घरी हे थोडेच आहेत उत्तर द्यायला?"

मी मनात म्हटलं, शाब्बास! विचार, विचार!

तिने विचारलंही. दुसऱ्या बँकेचं कर्ज चालेल का? नाही, मॅडम, मग ही योजना मिळत नाही. व्याजाचा दर हाच राहील का? पुढे बाजाराप्रमाणे. "म्हणजे वरच," ताई पुटपुटली. गाडी उभी करायची जागा किमतीत धरली आहे का? ते वेगळं. बँक तुमच्या साहेबांना पैसे कधी देणार, मजले चढतील तसे की आधीच? टप्प्याटप्प्याने, मॅडम, कागदात आहे सगळं. आणि त्याने कागदांचा एवढा जाड गठ्ठा पुढे ठेवला, की बाजूचा कप हलला.

"घरी नेते. नीट वाचून आठवड्याने येते," ताई म्हणाली.

"जरूर न्या. फक्त, मॅडम, ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे. आणि हाच फ्लॅट सकाळी आणखी दोन कुटुंबं बघून गेलीत."

मित्रांनो, मी सगळ्यांना ओरडून सांगणार होतो, की "सकाळी कोणी आलं नव्हतं! सकाळी तर हा इथे पेपर वाचत बसला होता!" पण सोफ्याला तोंड कुठे असतं? जुना सोफा निदान कुरकुरतो, स्प्रिंग टोचवतो. मी तर कोरा करकरीत. माझ्या अंगातून साधा आवाज निघेल तर शपथ!

मास्तरांचा तर मला असा राग आला म्हणता! हा माणूस दिवसभर पोरांना बजावतो की आरशात बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, पुढचं दिसत नसेल तर वेग कमी करायचा. आणि इथे डोळ्यांवर पट्टी बांधून सुसाट निघालेला!

शेवटी बोलली ती त्यांची बायको. "ताई," ती हळूच म्हणाली, "दर वर्षी बिऱ्हाड हलवून माझी कंबर गेली हो. मागच्या घरमालकाने तर भिंतीत खिळा ठोकला म्हणून अनामत कापली. एकदाचं आपलं स्वतःचं होऊ दे ना."

तिच्या या बोलण्यापुढे ताईचा एकही प्रश्न टिकला नाही. तिने पर्समधून चेकबुक काढलं आणि सही केली. मग उठताना माझ्या मऊपणात हात रुतला तशी म्हणाली, "हा सोफासुद्धा सोडवत नाही हो माणसाला."

माझं असं वर्णन पहिल्यांदाच कुणी केलं होतं. मला ते आवडलं नाही, पण चुकीचंही वाटलं नाही.

इमारत चढू लागली. एक मजला, दोन मजले. मास्तर अधूनमधून येऊन मान वर करून बघायचे आणि फोटो काढून न्यायचे. मध्येच कार्यालयातून त्यांना बोलावणं गेलं. गाडीच्या जागेचे, बागेचे, जिन्यातल्या दिव्यांचे असे बरेच वरखर्चाचे पैसे हवे होते. बँक म्हणाली, यासाठी घरकर्जातून काही मिळणार नाही. मास्तरांनी मग दुसरं, जास्त व्याजाचं कर्ज काढलं. ताईला सांगितलं नाही. माझ्यावर बसून बायकोला म्हणाले, "तिला कशाला? उगाच प्रश्न विचारत बसेल."

अरे, प्रश्न विचारते म्हणूनच तर सांगायला हवं होतं ना! पण माझं कोण ऐकतंय!

चौथ्या मजल्यावर काम थांबलं. आधी म्हणाले सिमेंट आलं नाही, मग म्हणाले मजूर गावी गेलेत, मग म्हणाले परवानगी अडकली आहे. क्रेन नुसती मान वाकडी करून उभी, तिच्यावर कबुतरं. कार्यालयातली कॉफी बंद झाली. मग एसी. मग काचेच्या पेटीतले दिवे लागेनासे झाले, आणि मोठे साहेब तर दिसेनासेच झाले.

आणि कंपनीने बँकेत व्याज भरणं बंद केलं.

ते कुणी कळवलं नाही. बँकेकडून मास्तरांना थेट फोन आला, की तुमचे हप्ते थकलेत. मास्तर धावत आले.

"अहो, हप्ता कंपनी भरणार होती ना?"

"भरणार आहे, सर," साखऱ्या म्हणाला. त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली होती. "थोडा उशीर झालाय. तोपर्यंत तुम्ही भरा, कंपनी तुम्हाला परत देईल."

"कुठून भरू? घरभाडं आहेच. ते दुसरं कर्ज आहे. वर हा हप्ता! खायचं काय आम्ही, वारा?"

"सर, मी वर बोलतो."

तो वर बोलायचा आणि वरून उत्तर यायचं नाही. मास्तरांनी शिकवायची एक गाडी विकली. त्यांची बायको लॅबमध्ये सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागली. मास्तर दर आठवड्याला यायचे, माझ्यावर बसायचे आणि नुसतेच बसायचे. त्या दिवसांत मला माझ्या मऊपणाची लाज वाटू लागली होती. एवढ्या रडवेल्या माणसाला मऊ बसवून मी काय उजेड पाडत होतो?

एक दिवस ताई एकटीच आली. बँकेच्या माणसाने घरी फोन केला होता आणि तो तिनेच उचलला होता. मास्तर आधीच येऊन बसले होते. तिला दारात पाहून त्यांनी मान खाली घातली.

"गाडी विकलीस?" ताईने विचारलं.

"हो."

"दुसरं कर्ज काढलंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, मी आधीच सांगितलं होतं."

"म्हटलं असतंच!" ताईचा आवाज असा चढला, की साखऱ्या खुर्चीतून उठला. "का नाही म्हणणार? शंभरदा म्हटलं असतं! पण म्हणून झाल्यावर पुढचं बघितलं असतं ना, गाढवा! तापाने फणफणलास तेव्हा काय 'पावसात भिजू नको म्हटलं होतं' एवढंच म्हणून निजले होते का मी?"

मास्तर रडले. एवढा बाप्या, पण लहान मुलासारखा हमसून रडला. ताई त्यांच्या शेजारी बसली. या वेळी पाठ टेकून. रुतली तरी तिला त्याचं काही नव्हतं.

मग साखऱ्याकडे वळून तिने शांतपणे विचारलं, "बँकेतून आत्ताच आले मी. ते म्हणाले, आमच्या कर्जाचे जवळपास सगळे पैसे तुमच्या साहेबांना देऊन झालेत. मजले तर चारच आहेत. मग पैसे दहा मजल्यांचे कसे गेले?"

साखऱ्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. त्याचा रोजचा गोड शब्द त्या दिवशी सापडलाच नाही त्याला.

पुढच्याच आठवड्यात ती गोष्ट घडली. एक नवीन जोडपं आलं होतं. होय, अजूनही येत होती माणसं! डोक्यावर क्रेन गंजते आहे आणि हे विचारताहेत, स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग निवडता येईल का! साखऱ्या त्यांना सांगत होता, "हप्त्याचं नंतर..." आणि त्याचा फोन वाजला.

तो "हो," म्हणाला. मग "माझ्या नावावर?" म्हणाला. फोन ठेवून तो आला आणि माझ्यावर बसला. इतकी वर्षं त्याने लोकांना माझ्यावर बसवलं होतं, स्वतः कधी टेकला नव्हता.

झालं होतं असं. मोठ्या साहेबांनी मागे कधीतरी त्याला सांगितलं होतं, "एक फ्लॅट तुझ्या नावावर बुक करून ठेव. पैसे तुला भरायचे नाहीत, सगळं कंपनी बघेल. विक्री चांगली दिसली की बँकांचा विश्वास बसतो." साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने सह्या केल्या. तो जे लोकांना सांगायचा तेच त्याला साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्यानेही ते न वाचता मानलं होतं! आता बँक त्याच्याकडे हप्ते मागत होती, आणि त्याला तर कित्येक महिने पगारही मिळालेला नव्हता.

नवीन जोडप्यातली ती मुलगी म्हणाली, "मग आज भरायचे का पैसे?"

साखऱ्याने त्यांच्याकडे बघितलं. "नको," तो म्हणाला. "घरी जा तुम्ही."

"पण ऑफर आजच आहे ना?"

"ऑफर रोजच आहे. जा तुम्ही, मॅडम. आणि कुठेही घ्याल ते घर आधी उभं आहे का बघा."

ती दोघं चक्रावून निघून गेली. मित्रांनो, त्या कार्यालयात मी ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य.

महिन्याभरात कार्यालयाला कुलूप लागलं. थकलेल्या पगाराच्या बदल्यात कर्मचाऱ्यांनी हाताला लागेल ते नेलं. कुणी खुर्ची, कुणी पंखा, कुणी पाण्याचं यंत्र. साखऱ्याच्या वाट्याला मी आलो. पण त्याची भाड्याची खोली इतकी लहान, की मी दारातून आत जाईना. उभा केला, आडवा केला, पाय काढले. छे! त्याची म्हातारी आई म्हणाली, "अरे, हा आत आला तर आपण दोघं बाहेर झोपायचं का?" हताश होऊन त्याने मला परत आणलं आणि अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे गाड्या उभ्या राहायच्या होत्या तिथे, प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवून दिलं.

तिथे माझी दशा झाली. कागद फाटला. सिमेंटची धूळ शिवणीशिवणीत शिरली. एका कुत्रीने माझ्या डाव्या बाजूला संसार थाटला. उंदरांनी मागून कापूस ओढून नेला. एक स्प्रिंग सुटली आणि मी कुरकुरायला शिकलो, पण आता ऐकायला कोणी नव्हतं. कौतुक करणारे कुठे गेले होते, देव जाणे.

मग एका रविवारी सकाळी माणसांचे आवाज आले. घरं घेतलेले सगळे जमले होते, कारण दुसरी जागा कुठे होती? पुढे ताई होती. टेलिफोन खात्यात आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं काम केलेली ती. तिने एकेका कुटुंबाला शोधून काढून फोन केले होते. तिने फडक्याने माझ्यावरची धूळ झटकली, कुत्रीला "सरक गं बाई" म्हणाली, आणि बसली.

सगळे एकदम बोलत होते. कुणी बिल्डरला शिव्या देत होतं, कुणी बँकेला, कुणी नशिबाला. तेवढ्यात खांबाआड उभा असलेला साखऱ्या कुणाला तरी दिसला.

"ह्याला कुणी बोलावलं?"

"हाच तो! ह्यानेच आमचे पैसे घेतले!"

"काढा बाहेर!"

एकाने तर त्याची कॉलर धरली. मास्तर धरणाऱ्यांत नव्हते, पण सोडवणाऱ्यांतही नव्हते.

"सोडा त्याला," ताई म्हणाली. "त्याला बडवून पाचवा मजला चढणार असेल तर मीही चार लगावते. चढणार आहे का? मग सोडा. बस रे इथे. आणि तुला जे जे माहीत आहे ते सांग. गोड करून नको, जसं आहे तसं."

तो माझ्या कडेला बसला, पाठ न टेकता. आणि त्याने डोळ्यांदेखत घडलेलं आणि नंतर विचारून काढलेलं सगळं सांगितलं. नोकरांच्या नावांवर बुक केलेले फ्लॅट. न बांधलेले मजले बांधून झाले, असं साहेबांनी इंजिनिअरकडून बँकेला कसं कळवलं. बँकेचा माणूस तपासायला आला तेव्हा तो वर चढलाच नाही, कार्यालयातच कॉफी पिऊन कसा गेला. मला आठवलं की हो, तो माझ्यावरच बसला होता! माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार मजले वर बघायला मान तरी वर करायची होती ना रे बाबा!

"आम्ही सरकारी कचेरीत तक्रार करणार आहोत. हे सगळं तिथल्या अधिकाऱ्यापुढे उभं राहून सांगशील?" ताईने विचारलं.

"मला परत या धंद्यात कोणी ठेवणार नाही."

"नाही ठेवणार," ताई म्हणाली. तिने त्याला खोटा धीर दिला नाही.

त्याने चुरगळलेली कॉलर सरळ केली. "सांगेन," म्हणाला.

सुनावणी कशी झाली ते मला नंतरच्या रविवारी मास्तरांकडून कळलं. ते हातवारे करून सांगत होते. मोठ्या साहेबांच्या वकिलाने साखऱ्याला विचारलं, "एवढं ठाऊक होतं तर विकत कशाला होतास?" तेव्हा तो म्हणाला, "ठाऊक करून घेतलं नाही, साहेब. विचारलं असतं तर कळलं असतं. या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं." ते ऐकून ताई, आमची सगळ्यांना धारेवर धरणारी ताई, पदराने चष्मा पुसत बसली.

एका दिवसात काही झालं नाही. या गोष्टी एका दिवसात कधीच होत नाहीत. तारखांवर तारखा पडल्या. काही कुटुंबं कंटाळून निघून गेली, आणि त्यांचे पैसे अजूनही पुरते परत आलेले नाहीत. पण शेवटी निकाल लागला. मोठ्या साहेबांच्या हातून काम काढून दुसऱ्या कंत्राटदाराला दिलं गेलं. बँकेने न बघता पैसे सोडले होते, म्हणून तिला थकलेल्या हप्त्यांवरच्या दंडाची रक्कम सोडून द्यावी लागली आणि घर होईपर्यंत वसुली थांबवावी लागली. मूळ कर्ज मात्र कुणाचं सुटलं नाही. मास्तर अजून बरीच वर्षं ते फेडणार आहेत, विकलेली गाडी काही परत आली नाही. साखऱ्याने आपला फ्लॅट बँकेच्या स्वाधीन केला. तरी थोडं कर्ज त्याच्या मानेवर उरलंच. आता तो पंख्यांच्या दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाला सांगतो, "हा नका घेऊ, आवाज करतो." मालक त्याच्यावर चिडतो म्हणे.

इमारत उभी राहिली. मला कुणीतरी नवं कापड चढवलं, स्प्रिंग बांधली, आणि खालच्या दारापाशी भिंतीला लावून ठेवलं. येणारेजाणारे टेकतात. तिथेच ताबा द्यायचा दिवस उजाडला.

नव्या कंत्राटदाराचा इंजिनिअर टेबल मांडून बसला होता. किल्ल्या ओळीने मांडलेल्या. लोक रांगेत उभे, कुणी नवे कपडे घालून, कुणी पेढ्यांचा डबा घेऊन. मास्तरांचा नंबर आला. त्यांची बायको तर किल्लीकडे अशी बघत होती, जसं भुकेलं माणूस ताटाकडे बघतं.

"इथे सही करा, सर," इंजिनिअर म्हणाला. "घर सर्व व्यवस्थित मिळालं, एवढंच आहे. मग किल्ली घ्या."

मास्तरांनी पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं. आणि थांबले.

"अहो," त्यांच्या बायकोने त्यांच्या कोपराला हात लावला. मला वाटलं, झालं! आता ही घाई करणार. पण ती म्हणाली, "अजून वर गेलोच कुठे आपण?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. मागे वळून म्हणाले, "ताई, आधी तू वर जाऊन बघून ये. तुझं झालं की सही."

मागच्या रांगेत चुळबुळ झाली. "अहो, आम्हालाही जायचंय!" कुणीतरी म्हणालं. ताई ढिम्म. तिने इंजिनिअरकडून किल्ली मागून घेतली, चष्मा वर सरकवला आणि जिना चढली. बराच वेळ ती आली नाही. पेढ्यांचा डबा धरलेल्या गृहस्थांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. इंजिनिअर दहादा घड्याळ बघून झाला.

अखेर ती उतरली. धापा टाकत, हाताला चुना लागलेला.

"न्हाणीघरातल्या नळाला पाणी नाही," ती म्हणाली. "बाल्कनीचं दार लागत नाही. स्वयंपाकघरातल्या एका बटणाला हात लावला तर झटका बसला. हे सगळं या कागदावर लिहा. दुरुस्त करून द्या. मग आमचे मास्तर सही करतील."

इंजिनिअर काही बोलणार, तोच रांगेतल्या पहिल्या बाईने टेबलावरची आपली किल्ली उचलली आणि जिन्याकडे वळली. तिच्यामागे तिचा नवरा. मग ते पेढेवाले गृहस्थ. मग एकेक करून सगळी रांगच्या रांग, पेन तिथेच टाकून, वर निघाली. थोड्याच वेळात वरच्या मजल्यांवर नळ सोडल्याचे, दारं आपटून बघितल्याचे, खिडक्या ओढल्याचे आवाज येऊ लागले. सगळी इमारत खडबडून जागी झाल्यासारखी वाटली.

खाली उरलो आम्ही दोघं. मी, आणि कोऱ्या कागदांपुढे कपाळाला हात लावून बसलेला इंजिनिअर.

तर मित्रांनो, तुम्ही आज लहान आहात. माझ्यावर उड्या मारता, मारा. फक्त बूट काढून मारा, कापड नवं आहे. पण एक दिवस तुम्हीही मोठे व्हाल आणि कुठल्या तरी मऊ सोफ्यावर बसून कुणाचं तरी गोड बोलणं ऐकाल. त्या दिवशी तुमच्या शेजारी कुणी खवचट प्रश्न विचारणारं माणूस बसलेलं असेल, तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका. पैसे कुणाच्या नावावर, कुणाला, कधी, आणि नाही दिले तर काय, हे विचारायला लाजू नका. घराच्या भिंतींची काळजी पुढे आयुष्यभर घ्यायचीच आहे. ती सहीच्या आधीपासूनच घ्यायला लागा. आणि समोरचा म्हणाला, आजच सही हवी, तर उठा.

माझ्यासारखा खोल सोफा असेल, तर जरा जोर लावून उठा. पण उठा.